सोलापुरात परवडणारी घरे उभारताना पैसा कोठून आणि कोणत्या क्रमाने आणावा

सोलापुरात कामगारांच्या घरांचा विषय निघाला की शहराजवळच्या कुंभारीचे नाव येतेच. 2006 मध्ये तेथे विडी कामगार महिलांच्या 10,000 घरांच्या चाव्या तत्कालीन पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या हस्ते देण्यात आल्या, आणि 19 जानेवारी 2024 रोजी त्याच कुंभारीतील रे नगरमध्ये 30,000 नियोजित घरांपैकी 15,000 घरांचे लोकार्पण पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी केले. ही उदाहरणे पाहून यंत्रमाग कामगारांचे, घरकाम करणाऱ्या महिलांचे किंवा रस्त्यावरील विक्रेत्यांचे गट संस्था स्थापन करतात आणि पहिला प्रश्न विचारतात तो ‘अनुदान किती?’ हा. त्याऐवजी ‘पैसा कधी हातात येणार?’ असे विचारावे, कारण अनुदान बहुधा कामाच्या मागून येते आणि प्रकल्प अडतात ते मधल्या काळात.

सर्वांत आधी जागेचा निर्णय करावा, कारण पैशाचा मार्ग जागा ठरवते. पंतप्रधान आवास योजनेचा (शहरी) दुसरा टप्पा 1 सप्टेंबर 2024 पासून पाच वर्षांसाठी सुरू आहे. जागा महापालिका हद्दीच्या बाहेर आहे म्हणून ती आपोआप ग्रामीण योजनेत जाते असे नाही. अधिसूचित नियोजन क्षेत्रातही शहरी योजना लागू होऊ शकते. हा फरक मोठा आहे, कारण शहरी योजनेत शासनाच्या भागीदारीतील प्रकल्पाच्या किंवा स्वतःच्या जागेवरील घरासाठी महाराष्ट्रात केंद्राचे 1.50 लाख आणि राज्याचे किमान 1 लाख रुपये मिळतात, तर ग्रामीण योजनेचे मूळ अनुदान सपाट प्रदेशात 1.20 लाख रुपये आहे. म्हणून जागेचा इसार (आगाऊ रक्कम) देण्यापूर्वी त्या गट क्रमांकाचा झोन दाखला काढावा, सातबाऱ्यावरील इतर हक्कांचा रकाना वाचावा आणि बिगरशेतीचा खर्च अंदाजपत्रकात धरावा.

ज्यांच्याकडे हद्दवाढ भागात आधीच एखादा गुंठा आहे, त्यांनी वैयक्तिक घरकुलाचा पर्याय घ्यावा. अडचण अशी की असे अनेक भूखंड नोटरीच्या कागदावर घेतलेले असतात आणि मालकी सिद्ध झाल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. असे गुंठ्यांचे भूखंड नियमित करणारा गुंठेवारी कायदा 2001 चा असून 2021 च्या दुरुस्तीने 31 डिसेंबर 2020 पर्यंतच्या बांधकामांना व भूखंडांना त्याचा लाभ मिळाला. तेव्हा नियमितीकरणाचे शुल्क हाच आपल्या घराचा पहिला खर्च समजावा आणि अनुदानाचा अर्ज त्यानंतर करावा.

संस्थेच्या प्रकल्पाचे गणित एका उदाहरणाने पाहू. समजा 500 घरे बांधायची आहेत आणि जमिनीसह प्रत्येक घराचा खर्च 6 लाख रुपये आहे, म्हणजे एकूण 30 कोटी रुपये लागतील. केंद्राचे 7.5 कोटी आणि राज्याचे 5 कोटी मिळून 12.5 कोटी होतात. केंद्राचा वाटा 40, 40 आणि 20 टक्के अशा तीन हप्त्यांत येतो, म्हणजे सुरुवातीला फक्त 3 कोटी रुपये. पुढच्या हप्त्यासाठी आधीच्या रकमेचे उपयोगिता प्रमाणपत्र आणि प्रत्यक्ष कामाची प्रगती दाखवावी लागते. शिवाय प्रस्ताव आधी राज्यस्तरीय व मग केंद्रीय मंजुरी समितीसमोर जातो. या काळात कंत्राटदाराची देयके थांबत नाहीत. उरलेले 17.5 कोटी, म्हणजे दर घरामागे साडेतीन लाख, हा लाभार्थी हिस्सा होय, आणि प्रकल्प तरतो की बुडतो हे याच रकमेवर ठरते.

हा हिस्सा तीन ठिकाणांहून जमवता येतो. पहिले ठिकाण सभासदांची बचत हे असून त्यासाठी संस्थेचे स्वतंत्र बँक खाते, छापील पावती आणि मासिक हप्त्याची वही एवढे पुरते, मात्र त्यात एका दिवसाचीही ढिलाई नको. दुसरे ठिकाण कामगार म्हणून मिळणाऱ्या हक्कांचे. नोंदणीकृत बांधकाम कामगार शहरी आवास योजनेत पात्र ठरला, तर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या अटल योजनेतून 2 लाख रुपयांचे साहाय्य आहे. नोंदणीसाठी मागील वर्षातील 90 दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. विडी कामगार महिलांनी आपल्या भविष्य निर्वाह निधीकडे पाहावे, कारण त्यातून घरासाठी रक्कम काढण्याची तरतूद आहे. विडी कामगारांसाठी 2016 ची जी सुधारित गृहनिर्माण योजना 1.50 लाख रुपये देत असे, तिच्या भरवशावर मात्र आता कोणी राहू नये: ज्या उपकरातून विडी कामगार कल्याण निधी भरत असे, तो उपकर 2017 मध्ये वस्तू व सेवा कर आला तेव्हा रद्द झाला.

तिसरे ठिकाण बँकेचे कर्ज. शहरी आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यातील व्याज अनुदान घटकात वार्षिक उत्पन्न 9 लाखांपर्यंत, घराची किंमत 35 लाखांपर्यंत आणि कर्ज 25 लाखांपर्यंत असेल, तर पहिल्या 8 लाखांवर 4 टक्के व्याज अनुदान मिळते, आणि ते पाच वार्षिक हप्त्यांत जास्तीत जास्त 1.80 लाख रुपये होते. पण एकाच घरासाठी बांधकाम अनुदान आणि व्याज अनुदान असे दोन्ही घेता येत नाही, ही बाब सभासदांना आधीच स्पष्ट सांगावी.

बँकेत खरी अडचण कागदांची होते. शहराच्या पूर्व भागातील एखाद्या पद्मशाली (तेलुगू भाषक विणकर समाजातील) महिलेच्या विडी ओळखपत्रावर माहेरचे तेलुगू आडनाव, आधारवर सासरचे, आणि पासबुकात तिसरेच स्पेलिंग असते; मजुरी रोख मिळते, त्यामुळे उत्पन्नाचा पुरावा म्हणून दाखवायला काही नसते. अशा वेळी मजुरीची नोंद, भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक आणि तहसीलदारांचा उत्पन्न दाखला यांची फाइल अर्जाच्या सहा महिने आधी तयार करावी आणि नावातील फरकासाठी राजपत्र किंवा प्रतिज्ञापत्राचा मार्ग घ्यावा. कंटाळवाणे काम आहे, पण ज्या संस्था ते आधी करतात त्यांचीच कर्जप्रकरणे वेळेत निघतात.

जातसमूहनिहाय योजनांचा उल्लेख थोडक्यात पुरे. अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबांसाठी रमाई आवास योजना असून शहरात तिचे अनुदान 2.50 लाख रुपये आहे. अनुसूचित जमातींसाठी शबरी, तर विमुक्त व भटक्यांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. एका घरासाठी एकच आवास योजना, हा नियम सर्वत्र धरावा.

खर्च वाचवणे हेही निधी मिळवण्यासारखेच आहे. आवास योजनेतील दुर्बल घटकांच्या घराच्या पहिल्या दस्तावर मुद्रांक शुल्क 1,000 रुपये आहे. 45 लाखांपर्यंतच्या आणि सोलापूरसारख्या बिगरमहानगर शहरात 90 चौरस मीटर चटई क्षेत्रापर्यंतच्या घरावर 1 टक्का वस्तू व सेवा कर लागतो. पुण्याच्या धर्तीवर खासगी प्रकल्पात दुर्बल व अल्प उत्पन्न गटांसाठी राखीव 20 टक्के घरांची वाट पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी: राज्याच्या 2020 च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ती अट 10 लाखांहून अधिक लोकसंख्येच्या महापालिकांसाठी होती आणि 2011 च्या जनगणनेत सोलापूर 9,51,558 वर थांबले. थोडक्यात हुकले म्हणायचे. म्हाडाची घरे हवी असल्यास पुणे मंडळाच्या सोडतीवर लक्ष ठेवावे, कारण सोलापूर त्याच मंडळात येते.

निराधार वृद्ध, अपंग किंवा एकट्या महिला यांच्यासाठी नुसते छप्पर पुरत नाही. सोबत काळजीवाहक, औषधे, समुपदेशन आणि स्वयंपाकघर लागते. येथे बांधकामाचा पैसा एका ठिकाणाहून आणि दरमहाचा खर्च दुसऱ्या ठिकाणाहून आणावा लागतो. वृद्धाश्रम चालवणाऱ्या संस्थांना केंद्राच्या अटल वयो अभ्युदय योजनेतून, अपंगांच्या पुनर्वसनासाठी दीनदयाळ योजनेतून, तर नोकरदार महिलांच्या वसतिगृहांसाठी सखी निवासमधून अनुदान मिळू शकते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत महिला व अनाथांची निवासगृहे आणि वृद्धाश्रम यांचा स्पष्ट उल्लेख असल्याने कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व (सीएसआर) निधीही मागता येतो. त्यासाठी संस्थेकडे आयकर सवलतीची 12-ए व 80-जी नोंदणी आणि असा निधी घेण्यासाठीचा सीएसआर-1 नोंदणी क्रमांक हवा. अक्कलकोट रस्ता किंवा चिंचोळी औद्योगिक वसाहतीतील कंपनीकडे जाताना ‘इमारतीसाठी मदत करा’ असे न म्हणता 40 खाटांचा तीन वर्षांचा चालू खर्च मांडावा. इमारतीवर नाव लावायला पुष्कळ जण तयार असतात, काळजीवाहकाचा पगार द्यायला कमी.

सर्व स्रोत जमल्यावर एक तक्ता करावा: डावीकडे महिने, वरच्या ओळीत प्रत्येक स्रोत, आणि खाली त्या महिन्यातील देणी. ज्या महिन्यात देणी जमेपेक्षा जास्त निघतात तेथे लाल खूण करून तेवढ्या रकमेची पूरक कर्जमर्यादा हुडको (गृहनिर्माणासाठी कर्ज देणारी केंद्राची संस्था) किंवा बँकेकडून आधीच मंजूर करून घ्यावी. त्याच तक्त्यात पाणी, ड्रेनेज, पथदिवे आणि शहरात कामावर जाण्यासाठी बस यांच्या ओळी लिहाव्यात आणि प्रत्येक ओळीसमोर महापालिका, ग्रामपंचायत, जिल्हा नियोजन समिती किंवा आमदार निधी यांपैकी कोणाकडून लेखी ठराव मिळाला त्याचा क्रमांक टाकावा. एखाद्या ओळीसमोर क्रमांक नसेल, तर घरांच्या पायाभरणीची तारीख पुढे ढकलावी.