फिन्लंडचा नॅक्की नाशिकच्या मुलांना कसा सांगावा

सुट्टी लागली की नाशिकची निम्मी मुलं मामाच्या गावाला पळतात. मामाचं गाव म्हणजे निफाड, दिंडोरी, चांदवड. तिथे विहीर असते, पाट असतो, आणि द्राक्षबागेच्या कोपऱ्यात प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं असतं. मी गंगापूर रोडला सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना गोष्टी सांगते. सुट्टीच्या आधीच्या रविवारी माझा विषय ठरलेला असतो: फिन्लंडच्या पाण्यातली भुतं. “पाण्याकडे जायचं नाही” हे मुलं घरात इतक्यांदा ऐकतात की ते कानावरून जातं. त्या भुतांतला नॅक्की मात्र त्यांच्या मनात बसतो. तुम्ही आई-बाबा असा, आजी असा, शिक्षक असा, ही गोष्ट तुम्हालाही सांगता येईल. फक्त तिच्यात भीतीच्या बरोबरीने नियम हवा. नुसती भीती घातली तर मूल रात्री दचकून उठतं आणि सकाळी तळ्यावर जातंच.

आधी कोण कुठे राहतं ते पक्कं करा

सगळ्यांना एकाच पोत्यात भरून “पाण्यातलं भूत” म्हटलं की गोष्ट बेचव होते. नॅक्की काठाजवळचा. विहीर, लाकडी धक्का, पुलाखालचा अंधार, काळा डोह, ही त्याची ठिकाणं. वाकून पाण्यात स्वतःचं तोंड बघणाऱ्या पोराला तो ओढतो. तो रूप बदलतो: कधी देखणी बाई, कधी घोडा, कधी कुत्रा, कधी चंदेरी मासा. काही ठिकाणी सांगतात की समोरून तो फार सुंदर दिसतो आणि पाठ मात्र केसाळ असते. हे पाठीचं मुलांना नक्की सांगा, पुढे उपयोगी पडतं.

खोल पाण्याचे मालक वेगळे. अह्ती हा लाटांचा राजा, आणि वेल्लामो ही पाण्याची मालकीण. हे राक्षस नव्हेत, कोळी त्यांच्याकडे मासे मागतात. मिकाएल आग्रिकोला या बिशपने १५५१ साली फिनिश लोकांच्या जुन्या देवांची पद्यात यादी छापली. अह्ती पाण्यातून मासे आणतो, असं तिच्यात लिहिलेलं आहे. वेतेहिनेन आणि वेसिहीसी हे पाण्यातले दांडगे. सगळ्यात मोठा इकु-तुर्सो, समुद्राच्या तळाशी राहणारा. आग्रिकोलाच्या यादीत त्याच्याशी मिळतंजुळतं नाव आहे, पण तिथे तो लढाईत विजय देणारा आहे. लोककथेत देवाचा राक्षस होतो आणि राक्षसाचा देव, हे आपल्याकडच्या मुलांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

एक गोष्ट आवर्जून पाळा. आपल्या साती आसरांना नॅक्कीच्या रांगेत बसवू नका. आसरांची आपण ओटी भरतो, विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतो, त्यांचं मागणं असतं आणि देणंही असतं. नॅक्कीची कोणी पूजा करत नाही. आसरांशी तुलना करायचीच असेल तर ती वेल्लामोच्या बाजूने करा. ‘कालेवाला’ या फिनिश महाकाव्यात मासेमारीच्या वेळी पाण्याच्या बाईला साकडं घातलं आहे: तुझ्या अंगात लव्हाळ्याचा सदरा आहे, वर फेसाचा झगा आहे, तो बदल, मी तुला तागाचा सदरा देतो. हे सांगितलं की वर्गातल्या आज्या लगेच मान हलवतात. आपण गोदावरीला साडी-चोळी नेसवतो, तिकडे सदरा देतात.

पाणी डोळ्यांसमोर उभं करा

मुलांना गोदावरी माहीत असते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की घरोघरी एकच प्रश्न असतो, दुतोंड्या मारुतीला पाणी कुठे लागलंय? पायाला, कमरेला, की छातीला? नाशिककराच्या पुराची पट्टी हीच. मी गोष्टीची सुरुवात इथूनच करते: “आपल्याला पाणी किती चढलंय ते मारुती सांगतो. पण ज्या देशात पाणी हलतच नाही, तिथे कोण सांगणार?”

मग फिन्लंड. लहान-मोठी मिळून सुमारे १,८८,००० तळी, त्यातलं सर्वांत मोठं साइमा. आपलं पाणी पावसाळ्यात मातीने गढूळ होतं. तिथली पुष्कळ तळी बारमाही चहाच्या रंगाची असतात, कारण आजूबाजूच्या दलदलीतल्या कुजक्या पाल्याचा अर्क पाण्यात उतरतो. वरून शांत, आत हातभरही दिसत नाही. नॅक्की अशाच पाण्यात राहणार. हिवाळ्यात ही तळी गोठतात आणि लोक त्यावरून चालतात. जूनमध्ये सूर्य नावापुरताच मावळतो, आणि मुलं रात्री उशिरापर्यंत धक्क्यावर खेळत असतात. एवढं सांगून पुरतं. नकाशा, लोकसंख्या, राजधानी यात शिरलात तर मुलं चुळबूळ करतात.

नॅक्की सांगताना

आवाज चढवू नका. नॅक्की ओरडत नाही, तो वाट बघतो. गोष्ट अशी सांगा: एक मुलगी धक्क्याच्या टोकाला पोटावर झोपली आहे, हनुवटी फळीच्या कडेला, आणि खाली पाण्यात तिचाच चेहरा. ती हसते, पाण्यातली हसते. ती जीभ काढते, पाण्यातलीही काढते. मग ती जीभ आत घेते. पाण्यातली घेत नाही.

इथे थांबा. तीन-चार मुलं एकमेकांना चिकटतात. आता लगेच नियम द्या, लांबवू नका. फिन्लंडमध्ये मुलं पाण्यात उतरताना म्हणतात, नॅक्की जमिनीवर, मी पाण्यात. बाहेर येताना उलट. म्हणजे मूल आत असताना नॅक्की बाहेर, आणि मूल बाहेर असताना नॅक्की आत. दोघं एकत्र पाण्यात कधीच नाहीत. हे शब्द मी मराठीत आठ-आठ अक्षरांत बसवले. कालेवालाची ओळही आठ उच्चारखंडांची असते आणि आपला लहान अभंगही आठ अक्षरांचा, त्यामुळे ताल आपोआप सापडतो:

नॅक्की तू जा काठावर, मी उतरते पाण्यात.
नॅक्की तू जा पाण्यामधे, मी परतते काठाला.

मुलगे “उतरतो, परततो” म्हणतील. टाळ्यांवर म्हणून घ्या, दोन्ही ओळी पाठ होईपर्यंत. खरी युक्ती पुढे आहे. हा मंत्र एकट्याने म्हटला तर चालत नाही, काठावरच्या मोठ्या माणसाने “ऐकलं!” असं उत्तर द्यायला हवं. ही जोड माझी आहे आणि मुलांना मी तसं सांगते. त्यामुळे पाण्यात उतरण्याआधी मोठं माणूस हाकेच्या अंतरावर आहे की नाही हे मूल स्वतः बघतं. नियमाचा जीव एवढाच आहे.

लोखंडाचंही सांगा. उत्तर युरोपात पाण्यातल्या भुताला पोलाद सोसत नाही असं मानतात. आपण बाळाच्या उशाशी लोखंड ठेवतो, तेव्हा मुलांना हे जवळचं वाटतं. पण “मग खिळा खिशात ठेवला की चालेल ना?” असं एखादं विचारणारच. सरळ सांगा, खिळ्याने पोहता येत नाही.

आता नॅक्कीला शेततळ्यावर आणायचं

या भागाला मी सगळ्यात जास्त वेळ देते, तुम्हीही द्या. शहरातल्या मुलाला शेततळं म्हणजे जलतरण तलावासारखं दिसतं: निळं किंवा काळं, स्वच्छ, चौकोनी. विहिरीची भीती वाटते, तळ्याची वाटत नाही. कागद कोरडा असतो तोवर बूट छान बसतो. पाण्याच्या रेषेपासून खाली मात्र त्यावर शेवाळाचा पातळ थर असतो, आणि उतार असा की पाय एकदा सुटला की धरायला काहीच नाही. पट्टीचा पोहणाराही तिथून हातांच्या जोरावर वर येऊ शकत नाही.

हे तोंडाने सांगू नका, दाखवा. शेतकऱ्याकडून जुन्या कागदाचा हातभर तुकडा मागून आणा. एका जाड पुठ्ठ्यावर तो चिकटवा आणि पुस्तकांच्या थप्पीला टेकवून उतार करा. खालच्या अर्ध्या भागावर साबणाचं पाणी ओता. आता मुलांना दोन बोटांचे पाय करून खालून वर चालत यायला सांगा. नखं लावायची नाहीत. बोटं घसरतात, पुन्हा चढतात, पुन्हा घसरतात. सुरुवातीला हशा होतो, मग सगळे एकदम मन लावून प्रयत्न करू लागतात, आणि कोणीतरी म्हणतं, “काकू, हे होतच नाही.” तेव्हा सांगा: नॅक्की समोरून देखणा असतो आणि पाठ केसाळ असते. शेततळ्याची पाठ ही.

मग त्याच उतारावर वरून एक सुतळी सोडा, तिला गाठी मारलेल्या. बोटं गाठींना धरून वर येतात. घरी गेल्यावर मामाला विचारायचं काम मुलांना द्या: तळ्याला कुंपण आहे का? चारही बाजूंना गाठींचा दोर सोडलाय का? टायरची ट्यूब काठावर आहे का? भाच्याने विचारलं की मामा ऐकतो. बायकोने किंवा सरकारी पत्रकाने सांगितलेलं राहून जातं.

आणि दुसरं कोणी पडलं तर? उडी मारायची नाही. ओरडायचं, दोर फेकायचा, फांदी पुढे करायची, पोटावर झोपून. मंत्रापेक्षाही हे जास्त वेळा म्हणून घ्या.

मोठ्या मुलांसाठी इकु-तुर्सो

दहाच्या पुढची मुलं नॅक्कीला “लहान मुलांचं” म्हणतात. त्यांना समुद्रावर न्या. एलियास ल्योनरोत या डॉक्टरने खेडोपाडी फिरून लोकगीतं गोळा केली आणि त्यातून कालेवाला बांधलं. पहिली आवृत्ती १८३५ ची, आज वाचतात ती ५० सर्गांची १८४९ ची. त्यात कथेचा नायक, म्हातारा वैनामोइनेन आणि त्याचे सोबती साम्पो नावाचं सुबत्ता दळणारं यंत्र उत्तरेच्या राणीकडून पळवून नेतात. ती समुद्रातून इकु-तुर्सोला त्यांच्यावर सोडते. नावेच्या बाजूला तो डोकं वर काढतो. साम्पो घडवणारा लोहार इल्मारिनेन, ज्याच्या भट्टीला कशाचं भय नाही, त्याच्या तोंडचं पाणी पळतं आणि तो कांबळं डोक्यावरून ओढून घेतो. म्हातारा वैनामोइनेन मात्र हात घालतो, राक्षसाला कानांनी धरून वर उचलतो आणि विचारतो: तू वर का आलास?

तलवार नाही, बाण नाही. प्रश्न. राक्षस खरं सांगतो, मारायला आलो होतो, आणि सोडलंस तर पुन्हा येणार नाही असा शब्द देतो. वैनामोइनेन त्याला सोडतो. त्यानंतर तो माणसांसमोर आलेला नाही. मुलांना इथे विचारा: कान कसे असतील? एकेका मुलाने काढलेले कान बघत राहावेत असे असतात. फिन्लंडच्या नौदलाने १९३० च्या दशकात तीन पाणबुड्यांना वेतेहिनेन, वेसिहीसी आणि इकु-तुर्सो ही नावं दिली होती, हेही मोठ्या मुलांना फार आवडतं.

तुओनेलाची नदी, म्हणजे मृतांच्या देशाची काळी नदी, मी लहानांना सांगत नाही. तिथे कालेवालातल्याच लेम्मिन्कैनेन या मेलेल्या वीराची आई लोहाराकडून लांब दात्यांचा दाताळा घडवून घेते आणि नदीतून मुलाचे तुकडे वेचते, जोडते, त्याला उठवते. ही गोष्ट मला सगळ्यांत जास्त प्रिय आहे. पण ज्या घरातलं माणूस पाण्याने नेलेलं आहे त्या घरातलं मूल समोर बसलेलं असू शकतं, आणि आपल्या नद्यांतून कोणी जिवंत परत जोडून देत नाही. पालकांशी आधी बोलून घेतल्याशिवाय तिला हात लावू नका. पालक “नको” म्हणाले तर विषय संपला.

वेळ: पाऊण तास पुरे, त्यातला निम्मा कागद आणि सुतळीसाठी. संध्याकाळी सांगू नका, सकाळी सांगा, म्हणजे झोपायच्या आधी मुलांना दिवसभर खेळून घेता येतं. घाटावर बसून सांगायची हौस असेल तर बुधवार टाळा, बाजाराच्या गजबजीत कोणाला काही ऐकू येत नाही. धरणातून पाणी सोडलेलं असेल तर घाटावर मुलांना न्यायचंच नाही. “नॅक्की खरा असतो का?” हा प्रश्न शेवटी येतोच. मी सांगते, तो फिन्लंडच्या आयांनी सांगितलेला आहे, तुझ्या आईला जे वाटतं तेच त्यांना वाटलं म्हणून. मग मुलांना पुठ्ठ्यापाशी परत नेऊन पुन्हा एकदा बोटं चढवून बघायला लावते, या वेळी दोराशिवाय आणि दोरासकट.