घरमालकाचा फोन हवाय? मुंबईत बोर्ड लावताना या चुका टाळा

अमेरिकेत रिअल इस्टेट होलसेलिंग करणारी मंडळी रस्त्याच्या कडेला छोटे बोर्ड रोवतात. ‘आम्ही घरं विकत घेतो’ आणि खाली फोन नंबर, बस्स. पैशांची निकड असलेला मालक फोन करतो, त्याच्याशी करार होतो आणि तोच करार ठरावीक रक्कम घेऊन पुढच्या खरेदीदाराच्या नावे केला जातो. हे पाहून आपल्याकडचे नवे एजंट सनपॅकचे (प्लॅस्टिकच्या हलक्या पत्र्याचे) बोर्ड गठ्ठेच्या गठ्ठे छापून घेतात आणि रातोरात दादरपासून बोरिवलीपर्यंत खांबाखांबाला बांधून येतात. मग फोन वाजत राहतो, पण पलीकडे एकतर दुसरा एजंट, नाहीतर भाड्याने खोली शोधणारा. मालकाचा फोन काही येत नाही.

सगळ्यात आधी तो खांब सोडा. लोकांच्या नजरेस पडणाऱ्या जागा विद्रूप करण्याविरुद्ध राज्याचा 1995 चा कायदा आहे. त्यात 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 2,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. शिवाय मुंबई महापालिकेच्या 1888 च्या अधिनियमाप्रमाणे जाहिरात फलकाला पालिकेची परवानगी लागते. 13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंग कोसळून 17 जणांचा जीव गेला, तेव्हापासून विनापरवाना फलक हा विषय कोणी हलक्यात घेत नाही. तुमच्या बोर्डावर तुमचाच नंबर असतो, त्यामुळे तुम्हाला शोधायला कुणाला कष्टही पडत नाहीत. आणि झाडाला खिळा तर कधीच ठोकू नका. कायदा बाजूला ठेवला तरी ते पाप आहे.

मग लावायचा कुठे? अमेरिकेत बोर्ड गाडीतला माणूस वाचतो, इथे घर विकणारा माणूस गल्लीतून पायी जातो. म्हणून सोसायटीच्या आतला नोटीस बोर्ड (सेक्रेटरीची लेखी परवानगी घेऊन), पिठाची गिरणी, इस्त्रीवाला, आणि माझ्या मते सगळ्यात उत्तम म्हणजे झेरॉक्सचं दुकान. सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, मृत्यू दाखला, जुनं ॲग्रीमेंट यांच्या प्रती काढायला माणूस तिथेच येतो. दुकानाच्या आत, दुकानदाराला विचारून लावलेला एक ए-फोर कागद नाक्यावरच्या वीस बोर्डांना भारी पडतो. प्रत्येक फोनला ‘बोर्ड कुठे पाहिलात?’ एवढं विचारून वहीत टिपून ठेवा. जिथून फोन येत नाहीत तिथला कागद काढा.

मजकुरातली मोठी चूक म्हणजे ‘रोख पैसे, तातडीने’. ही अमेरिकेतल्या बोर्डाची नक्कल झाली. आपल्याकडे घराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घेणं आयकर कायद्याला चालत नाही, आणि ‘रोख’ वाचलं की सरळमार्गी मालक दोन पावलं मागे सरकतो. एजंट असून ‘थेट खरेदीदार’ लिहिणं ही तर फसवणूकच. त्यापेक्षा नेमकं लिहा: ‘लालबाग-परळ भागात जुन्या बिल्डिंगमधलं ओनरशिपचं घर विकायचं आहे? वारसांची कागदपत्रं पूर्ण करायलाही मदत करू.’ खाली नाव, आपण एजंट आहोत हे, आणि ठळक मराठी आकड्यांत नंबर. अशा मजकुरावर भाडेकरूंचे फोन आपोआप कमी होतात.

आता फोन आला. इथे बहुतेक जण थेट भावावर येतात आणि महिना-दोन महिने घालवून बसतात. आधी विचारा, घर कोणाच्या नावावर आहे? गिरगाव-लालबागकडे ठरलेलं उत्तर येतं: ‘वडिलांच्या. ते गेले. आई नॉमिनी आहे, आता माझंच समजा.’ तसं समजता येत नाही. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, तो वारसांच्या वतीने घर सांभाळतो. हिंदू वडिलांनी स्वतः घेतलेलं घर असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर आई, मुलगे आणि मुली यांचा सारखा हक्क असतो. आजी, म्हणजे वडिलांची आई, हयात असेल तर तिचाही. चिपळूणला दिलेली ताई सहीला आली नाही, की सौदा रजिस्ट्रारच्या दारात अडतो. त्यामुळे पहिल्याच फोनवर भावंडं किती, कुठे असतात, हक्कसोडपत्र (वारसाने आपला हिस्सा सोडल्याचा दस्त) झालंय का, हे विचारा. अदबीने विचारा, कारण त्या घरात माणूस गेलेला असतो. त्यांना घाई नसेल तर वहीत तारीख टाका आणि थांबा. बहिणीच्या पाठीमागे सही उरकण्याच्या कुठल्याही बेतात सामील होऊ नका.

पुढचे प्रश्न पटापट: पागडी (एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेहक्क) की ओनरशिप (स्वतःच्या मालकीचं)? पागडी असेल तर इमारतीच्या मालकाला बाजूला ठेवून काही होत नाही. म्हाडाचं (सरकारी गृहनिर्माण प्राधिकरणाचं) किंवा एसआरएचं (झोपडपट्टी पुनर्वसनातलं) घर असेल तर विक्रीबंदीची मुदत संपली का? लोन बाकी आहे का?

राहिला ‘टोकनवर फिरवण्याचा’, म्हणजे थोडा बयाणा (टोकन) देऊन करार करायचा आणि तो दुसऱ्याला द्यायचा, हा भाग. मालकाला एक भाव, गिऱ्हाइकाला दुसरा, मधले वरचे आपले, अशी पद्धत बाजारात आहे आणि ती मला अजिबात मान्य नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 54 नुसार नुसत्या विक्रीच्या कराराने घरावर हक्क निर्माण होत नाही. त्यामुळे टोकन देऊन तुमच्या हाती येतो तो फक्त करार, घर नाही. करार पुढे द्यायचा असेल तर ‘खरेदीदार किंवा त्याने सुचवलेली व्यक्ती’ असं त्यात स्पष्ट लिहा, मालकाला मराठीत वाचून दाखवा, आपल्याला किती सुटणार तेही सांगा. मसुदा वकिलाकडून तपासून घ्या. महारेरात (गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणात) नोंदवलेल्या प्रकल्पातलं घर विकून द्यायचं असेल, तर एजंट म्हणून आधी स्वतःची नोंदणी करा. टोकन चेकने किंवा ऑनलाइन द्या, पावतीवर घराचा पूर्ण पत्ता, मुदत आणि सौदा मोडला तर पैसे किती दिवसांत परत, हे लिहून दोघांच्या सह्या घ्या.