कॅटचा अभ्यास कधी सुरू करायचा? दोनदा दिल्यावर मला जे कळलं ते

दरवर्षी जानेवारी लागला की कुणा ना कुणाचा मेसेज येतोच, ताई कॅटचा अभ्यास कधीपासून सुरू करू, उशीर तर नाही ना झाला? (कॅट म्हणजे आयआयएम वगैरेंच्या एमबीएची प्रवेश परीक्षा.) यंदा मावशीच्या मुलाने विचारलं, तो टीवायला आहे. त्याला फोनवर जे बोलले तेच इथे जरा नीट लिहिते.

आधी माझी गंमत सांगते. मी सांगलीची, बीकॉम, पहिल्यांदा कॅट दिली तेव्हा पुण्यात एका सीएच्या ऑफिसात नोकरी करत होते. सुरुवात केली जानेवारीतच, म्हणजे चांगले अकरा महिने हातात. शनिवार-रविवारचा क्लास लावला, तिथे गणितातली नंबर सिस्टीमच सहा आठवडे चालली, आणि मी वहीत तीन रंगांच्या पेनांनी नोट्स काढत बसले. जूनपर्यंत वाटायचं आपण लय पुढे आहोत. ऑगस्टच्या शेवटी पहिला मॉक, म्हणजे सराव पेपर दिला आणि डीआयएलआरचा (तक्ते-आकडे आणि लॉजिकचा भाग) एकही सेट, म्हणजे एकाच माहितीवरच्या प्रश्नांचा गट, धड सुटला नाही, एकाच टेबलाला चिकटून बसले आणि चाळीस मिनिटं कधी संपली कळलंच नाही. आणि तोवर अभ्यासाचा इतका वीट आला होता की पुस्तक उघडलं की झोप यायची. रिझल्ट ८४ पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या ८४ जणांच्या पुढे. अकरा महिन्यांचे ८४!

दुसऱ्या वर्षी मेच्या शेवटी बसले, सहा महिने, आणि ९६ आले. आता कुणी म्हणेल पाया आदल्या वर्षीचा होता की, तर हो, होताच. पण त्यातली नंबर सिस्टीम फारशी कामाला आली नाही, क्वांटमध्ये, म्हणजे गणिताच्या भागात, खरा भरणा अरिथमेटिकचा आणि अल्जेब्राचा असतो, टक्केवारी, नफा-तोटा, काळ-काम-वेग वगैरे, जे आपण शाळेत स्कॉलरशिपला केलेलं असतं. फरक पडला तो मॉक लवकर सुरू केल्याने.

म्हणून मी मावसभावाला म्हटलं, जानेवारी की जून हे नंतर बघू, आधी या रविवारी एक जुना पेपर घड्याळ लावून सोडव. काहीही न वाचता. पेपर १२० मिनिटांचा, तीन सेक्शन, प्रत्येकाला ४० मिनिटं, आणि मधेच एका सेक्शनमधून दुसऱ्यात उडी मारता येत नाही. बरोबर उत्तराला ३ मार्क, एमसीक्यू, म्हणजे पर्यायांचा प्रश्न चुकला तर १ कापतात. हे सगळं वाचून कळतं पण अंगावर आल्याशिवाय पटत नाही. एकदा दिला की आपलं भोक कुठे आहे ते दिसतं, आणि किती महिने लागतील ते त्या भोकावर आहे. गणित बारावीनंतर सुटलंय तर फेब्रुवारी-मार्च उशीर नाही पण लवकरही नाही. इंजिनीअरिंगवाल्याला क्वांट सोपं जातं, त्याला मे-जून पुरतं, पण इंग्रजी वाचायची सवय नसेल तर तिथेच गाडी अडते, कारण आयआयएम सेक्शननुसार कटऑफ लावतात, नुसता एकूण स्कोअर भारी असून भागत नाही.

वाचन ही एकच गोष्ट खरंच लवकर सुरू करावी, एफवायला असाल तर आजच. घरी बाबा रोज अग्रलेख वाचायला लावायचे, तेव्हा राग यायचा, पण लेखक नक्की काय म्हणतोय आणि कुठे वळण घेतोय हे पकडायची सवय त्या मराठी पेपरातूनच लागली, पुढे इंग्रजी पॅसेज त्याच सवयीने सुटले. शब्दांच्या याद्या पाठ करण्यात वेळ घालवू नका, कॅटमध्ये तसं कुणी विचारत नाही.

बाकी हिशोब उलटा मांडा. कॅट गेली काही वर्षं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी होते, फॉर्म ऑगस्टमध्ये निघतात. ऑगस्टपासून आठवड्याला निदान एक मॉक हवा म्हणजे बेसिक जुलैअखेर संपायला हवं. नोकरी करणाऱ्याने रोजचे दोन तास धरावेत, चार धरले तर पंधरा दिवसांत बोऱ्या वाजतो. मॉक दिल्यावर तेवढाच वेळ तो तपासायला, कुठला सेट सोडायला हवा होता हे बघायला. माझे डीआयएलआरचे मार्क सेट सोडायला शिकल्यावरच वाढले.

आणि आपल्या लोकांनी सीईटी, म्हणजे महाराष्ट्राची एमबीए प्रवेश परीक्षा विसरू नये. जमनालाल बजाज, सिडनहॅम, पुण्याचं पुंबा या एमबीए कॉलेजांची दारं त्यातून उघडतात. कॅटनंतर काही महिन्यांनी असते पण खेळ वेगळा, १५० मिनिटांत २०० प्रश्न, निगेटिव्ह नाही, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. कॅटचं डोकं ठेवून विचार करत बसलात तर पन्नास प्रश्न राहून जातील. कॅट झाली की डिसेंबरात आठवडाभर झोपा काढा, मग स्पीडला लागा, अ‍ॅबस्ट्रॅक्ट रीझनिंगच्या आकृत्या तेवढ्या नव्याने कराव्या लागतात. मला शेवटी अ‍ॅडमिशन सीईटीतूनच मिळाली, मुंबईत.

अजून एक, दिवाळी. ती हमखास परीक्षेच्या तोंडावर येते आणि चांगले आठ दिवस खाऊन जाते. पहिल्या वर्षी मी पुस्तकं भरून सांगलीला नेली आणि बॅग उघडलीच नाही. दुसऱ्या वर्षी आईला आधीच सांगून ठेवलं की सकाळी दोन तास मी नाहीये, मग वाट्टेल तेवढ्या चकल्या पाडून देते. त्या आठवड्यात तीन मॉक झाले, एकाच्या कच्च्या कागदावर तेलाचे डाग आहेत, अजून ठेवलाय.