अर्धवट रान माजलेल्या मोठ्या जागेसाठी गवतकापणीची यंत्रे

आमच्या जागेचा निम्मा भाग मोकळ्या गवताचा आणि उरलेला कमरेएवढ्या झुडपांनी व वेलींनी भरलेला असल्यामुळे, एकच यंत्र सगळीकडे चालवण्याचा विचार मी सुरुवातीलाच बाजूला ठेवला. सपाट भागासाठी बसून चालवायचे मॉवर घेतले. अशा यंत्रांना साधारण 15 अंशांहून अधिक उतार सहसा वर्ज्य असतो, म्हणून कडेचा उतार ब्रशकटरकडे, म्हणजे लांब दांड्याच्या टोकाशी दोरी किंवा पाते फिरणाऱ्या, हातात धरून चालवायच्या यंत्राकडे गेला.

खरा प्रश्न रानाचा होता. ब्रशकटरला नायलॉनची दोरी लावली की कोवळे गवत सपासप पडते, पण बोटाएवढ्या खोडाशी ती तुटते आणि वेली तिच्याभोवती गुंडाळून इंजिनच अडवतात. तेथे धातूचे पाते हवे, आणि त्याहून जाड खोडांसाठी करवतीसारखे दातेरी गोल पाते. बहुतेक ब्रशकटरांत वरून पाहता पाते घड्याळाच्या उलट दिशेने फिरते. त्यामुळे पाते म्हणजे घड्याळाची तबकडी आणि 12 चा आकडा सरळ समोर असे धरले, तर 12 ते 3 च्या मधला भाग खोडाला टेकला, तर यंत्र जोरात बाजूला उसळते. मी डाव्या अंगानेच कापतो. चष्मा आणि पायांचे संरक्षण यांत तडजोड नाही.

दाट पट्ट्यासाठी ट्रॅक्टरला जोडायचे फ्लेल मॉवर भाड्याने आणले, कारण विकत घेण्याइतके ते काम पुन्हा निघणार नव्हते. त्याची सुटी टांगलेली पाती दगडावर आपटली की मागे वळतात. तरीही आधी पायी फिरून तारांचे तुकडे वेचले आणि पहिली फेरी यंत्र उंच ठेवूनच मारली.