वावर विकून नागपुरात भाड्यासाठी फ्लॅट घेताय? या चुका टाळा

कापूस-तुरीचा पैसा हातात आला की दरवर्षी गावातलं कोणीतरी टॉवरचं माहितीपत्रक घेऊन माझ्याकडे येतं. “भाऊ, चौदावा माळा, वीस हजार भाडं पक्कं!”

पक्कं काहीच नसतं. माझ्या साडभावाने दोन एकर ओलिताचं वावर विकून 48 लाखांत असाच फ्लॅट घेतला. पहिला भाडेकरू यायलाच पाच महिने गेले आणि भाडं ठरलं 14,000. त्या पाच महिन्यांतही महिन्याचा 3,600 मेंटेनन्स सुटला नाही. लिफ्ट, पंप, जनरेटर, चौकीदार यांचा खर्च घर रिकामं असलं तरी चालूच असतो. पुढच्या वर्षी 11 महिन्यांचं भाडं आलं, 1,54,000. त्यातून मेंटेनन्सचे 43,200 आणि घरपट्टी-रंगाचे 20,000 गेले. उरले 90,800, म्हणजे 48 लाखांवर दोन टक्केही नाही. हा हिशेब वहीच्या अर्ध्या पानाचा होता, पण त्याला बुकिंगची घाई होती. मला आजही त्या वावराचं वाईट वाटतं.

मी भाडं एजंटला विचारत नाही. शेजारच्या तयार टॉवरच्या चौकीदाराला विचारतो आणि रात्री आठला खाली उभा राहून किती घरांत दिवे आहेत ते मोजतो.

दुसरी चूक उन्हाळा विसरण्याची. दिवाळीत पाहिलेला पश्चिमेचा, वरच्या माळ्याचा फ्लॅट मे महिन्यात 45 अंशाला भट्टी होतो. खिडकीबाहेर कूलर ठेवू देतात का, त्याला पाणी पुरतं का, हे आधी विचारा. साडभावाचा पहिला भाडेकरू याच कारणाने मे महिन्यात सोडून गेला. मी फ्लॅट पाहायला मे महिन्यातच जातो, दुपारी तीनला.

महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर प्रकल्प स्वतः पाहा. करार नोंदवल्याशिवाय बिल्डर 10 टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही; ‘आज भरा, सूट मिळेल’ म्हणणाऱ्याला तिथेच थांबवा. दर कार्पेटवरच, म्हणजे घराच्या आतल्या प्रत्यक्ष वापराच्या जागेवरच काढा. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा सरकारी दाखला) मिळालेल्या तयार फ्लॅटवर जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्यावर आहे.

भाडेकरार तोंडी ठेवू नका. लेखी, नोंदवलेला करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी खरं धरलं जातं, आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकाची आहे. ती ऑनलाइनही होते.