एजंटने घेतलेला निर्णय धरून कधी ठेवायचा?

एजंट म्हणजे स्वतः निर्णय घेणारा रोबो किंवा प्रोग्राम. ए-स्टार (वाट शोधण्याची पद्धत), स्टेट मशीन आणि बिहेवियर ट्री (एजंटने कधी काय करायचं हे मांडण्याच्या रचना) तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी जिथे बरेच दिवस अडकलो होतो, तेवढंच सविस्तर सांगतो.

रोबोसमोर खांब आहे. डावीकडची वाट 4.0 मीटर, उजवीकडची 4.1. तो डावीकडे वळतो. वळताना लिडारचं (लेझरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरचं) वाचन जरा हलतं, नकाशा किंचित सरकतो आणि डावी वाट 4.2 दिसू लागते. दर टिकला, म्हणजे प्रोग्रामच्या प्रत्येक फेरीला, नव्याने नियोजन होत असेल तर तो लगेच उजवीकडे फिरतो. तिकडे पुन्हा आकडे हलतात, पुन्हा डावीकडे. सुटा पाहिला तर प्रत्येक निर्णय बरोबर असतो, आणि रोबो मात्र खांबापुढे डुलत उभा. अशा वेळी आपण कॉस्ट फंक्शनमधले (वाटेची किंमत ठरवणाऱ्या सूत्रातले) आकडे खालीवर करत बसतो. कृपा करून ते करू नका! एकदा घेतलेला निर्णय केव्हा सोडायचा, हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

चालू योजनेला झुकतं माप द्या. नवी वाट ठरावीक फरकाने स्वस्त असेल तरच बदल. मी 15 टक्क्यांपासून सुरुवात करतो. वाट अडली, काम झालं किंवा अशक्य ठरलं, तर मात्र लगेच फेरविचार.

हट्टी एजंटही तितकाच वाईट. किनी आणि जॉर्जेफ या संशोधकांनी 1991 मध्ये टाइलवर्ल्डवर, म्हणजे सतत बदलणाऱ्या चौकटींच्या एका कृत्रिम जगात, हेच तपासलं. जग सावकाश बदलतं तेव्हा योजना तडीला नेणारे धीट एजंट सरस ठरले, झपाट्याने बदलतं तेव्हा सतत फेरविचार करणारे सावध एजंट. म्हणून रिकाम्या लॅबमध्ये जमवलेला आकडा गर्दीच्या कॉरिडॉरमध्ये चालेल असं समजू नका.

'सगळे निर्णय भाषा-मॉडेलवर सोपवा' हा सल्ला हल्ली फार मिळतो. मला तो पटत नाही. दर पावलाला नव्याने विचारलं तर तेही खांबापुढे डुलतं. चालू उद्दिष्ट वेगळं नोंदवून ठेवावंच लागतं. मॉडेलकडे वळण्याआधी बीडीआय (बिलीफ-डिझायर-इंटेन्शन, म्हणजे समज, इच्छा आणि हेतू यांवर एजंट उभा करण्याची पद्धत) शिका: तत्त्वज्ञ ब्रॅटमन यांचा 1987 चा हेतूविषयक विचार, मग तो एजंटसाठी मांडणारे राव आणि जॉर्जेफ. जड जाईल, पण पहिल्या वाचनात ते कुणालाच कळत नाही, घाबरू नका.

हे शिकायला मार्गदर्शक निवडताना कोड लिहून देणारा टाळा, लॉग (प्रोग्रामने केलेली निर्णयांची नोंद) मागणारा धरा. त्या लॉगमध्ये निवडलेली वाट, नाकारलेली वाट, दोन्हींची किंमत आणि बदलाचं कारण एकाच ओळीत हवं. डुलणं त्यात दहा ओळींत दिसतं.