कोस्टा रिकात नवीन आलात? आधी डोंगराची बाजू ओळखा

एरेदिया, सान्ता आना किंवा एस्कासूत घर लागलं, गॅस-इंटरनेट झालं, की पहिल्या शनिवारी नकाशा उघडला जातो. देश दिसतो एवढासा! ५१,१०० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राचा जेमतेम सहावा हिस्सा. मग शनिवारी ज्वालामुखी, रविवारी समुद्र असा बेत ठरतो आणि रविवारी रात्री नऊ वाजता धुक्यात, घाटात, ट्रकच्या मागे अडकून संपतो. इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजू नका, तासांत मोजा. राजधानी सान होसेहून ला फोर्तूना, मोंतेवेर्दे, मानुएल आंतोनिओ ही तिन्ही ठिकाणं अडीच ते साडेतीन तासांवर, कॅरिबियन बाजूचं पुएर्तो विएखो चार तासांच्या पुढे. एका शनिवार-रविवारी एकच ठिकाण.

दुसरी गोष्ट पावसाची, आणि ती मराठी माणसाला समजावून सांगावी लागू नये. देशाच्या मधोमध वायव्येकडून आग्नेयेकडे डोंगररांग जाते. सह्याद्रीसारखीच, फक्त हिच्या दोन्ही पायथ्यांना समुद्र आहे. पॅसिफिक उतारावर आणि सान होसेच्या खोऱ्यात डिसेंबर ते एप्रिल कोरडा काळ, मे ते नोव्हेंबर पाऊस. कोरड्या दिवसांना इथे ‘वेरानो’, म्हणजे उन्हाळा म्हणतात आणि पावसाळ्याला ‘इन्व्हिएर्नो’, म्हणजे हिवाळा. त्यामुळे ऑफिसातला सहकारी जानेवारीत ‘उन्हाळ्यात ये’ म्हणाला तर चक्रावू नका. सप्टेंबर-ऑक्टोबरात पॅसिफिक बाजू सर्वांत जास्त झोडपली जाते, आणि नेमके तेच दोन महिने काविता, पुएर्तो विएखो या कॅरिबियन किनाऱ्यावर बरे असतात. बहुतेक नवखे नेमकं उलटं करतात.

पावसाळ्यातही सकाळ बहुधा स्वच्छ मिळते. दुपारी बारा-एकनंतर ढग फुटतात. सान होसे जवळजवळ कोचीच्याच अक्षांशावर आहे, त्यामुळे वर्षभर सूर्य साधारण सव्वापाच ते सहाच्या दरम्यान मावळतो. उशिरापर्यंत उजेड राहील ही आशा सोडा. पाचला निघायचं, अकरापर्यंत मुख्य गोष्ट बघायची, अंधाराआधी मुक्कामी पोचायचं. बिनदिव्यांचे घाटरस्ते आणि अचानक येणारं धुकं, दोन्ही रात्री टाळण्यासारखीच.

तिकिटांचं आधी समजून घ्या. सरकारी राष्ट्रीय उद्यानं ‘सिनाक’ ही संस्था चालवते. पोआस, इरासू, मानुएल आंतोनिओ यांची तिकिटं तिच्या संकेतस्थळावर आधीच काढावी लागतात. गेटवर खिडकी शोधत फिरून उपयोग नाही. निवासी कार्ड, म्हणजे दिमेक्स, हातात आलं की तुम्हाला स्थानिकांचा दर लागतो. परदेशी पर्यटक जिथे पंधरा-अठरा डॉलर मोजतो तिथे निवाशाचं काम हजारेक कोलोनमध्ये होतं. चार माणसांच्या घराला हा फरक मोठा आहे. कार्ड महिन्याभरात मिळणार असेल तर महागडी उद्यानं थोडी पुढे ढकला. गेटवर मूळ कार्ड दाखवावं लागतं, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका.

ज्वालामुखींपैकी आधी पोआस, २,७०८ मीटर, आलाहुएलाहून तासाभरावर. २०१७ च्या एप्रिलमधल्या उद्रेकानंतर तो बंद होता, २०१८ मध्ये उघडला, २०२५ मध्ये पुन्हा उद्रेकामुळे बंद ठेवावा लागला. त्यामुळे आदल्या रात्री आणि निघताना, दोन्ही वेळा तो चालू आहे का ते बघा. तिकीट ठरावीक वेळेचं असतं, हेल्मेट घालावं लागतं, विवराच्या काठावर मोजकीच मिनिटं थांबू देतात. कारण गंधकाचे वायू. दमा असेल, घरात लहान बाळ असेल, तर इरासूकडे वळा.

इरासू ३,४३२ मीटर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून उंच, आणि तरी गाडी जवळजवळ माथ्यापर्यंत जाते. हीच अडचणसुद्धा आहे. दीड-दोन तासांत शरीर दोन हजार मीटरहून जास्त वर चढतं, मग पायऱ्यांवर धाप लागते, डोकं जड होतं. हळू चाला, पाणी प्या. सकाळी तापमान दहा अंशांखाली असतं. टी-शर्टात आलेली मंडळी गाडीतच बसून राहतात. आठच्या सुमारास गेट गाठलंत तर विवर दिसण्याची शक्यता चांगली. ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे दमट हवा डोंगरावर चढवतात आणि ऊन वाढलं की नऊ-दहानंतर ढग विवर झाकून टाकतात. जानेवारीतही. माथ्यावरून दोन्ही समुद्र दिसतात असं प्रत्येक जण सांगतो. दिसतात, पण क्वचितच. त्या भरवशावर जाऊ नका.

आरेनालचा सुबक शंकू ला फोर्तूनातून दिसतो. २९ जुलै १९६८ ला तो फुटला, ताबाकोन आणि पुएब्लो नुएव्हो ही गावं गाडली गेली, आणि पुढे २०१० पर्यंत तो धुमसत राहिला. आता तो शांत आहे. रात्री लाल लाव्हा दाखवणाऱ्या जुन्या फोटोंवरून हॉटेल निवडू नका. इथला खरा आनंद गरम पाण्याचा. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडं आठवतील, पण इथे सगळी नदीच कोमट वाहते. महागडे रिसॉर्ट आहेत, आणि रस्त्याकडेला स्थानिक लोक फुकट डुंबतात ती जागाही आहे. तिथे दिवसा जा, खडक शेवाळलेले असतात म्हणून पट्ट्याच्या चपला घाला, गाडीत काहीही ठेवू नका. ला फोर्तूनाचा धबधबा सत्तरेक मीटरचा. खाली पाचशेच्या आसपास पायऱ्या. उतरताना गंमत वाटते, गुडघ्यांना मात्र परतीचा विचार आधी करू द्या.

तिथून मोंतेवेर्देला जायचं तर आरेनालच्या तळ्याला वळसा घालण्यापेक्षा गाडी-होडी-गाडी हा जोडप्रवास बरा. हॉटेलवाले ठरवून देतात. मोंतेवेर्दे हे ढगातलं जंगल. १९५१ मध्ये अमेरिकेतून आलेल्या क्वेकर कुटुंबांनी तिथे वस्ती केली आणि पाण्याचा उगम राखण्यासाठी वरचं जंगल तसंच ठेवलं. पाऊस तिथे वरून पडतो त्याहून जास्त आडवा येतो. छत्री निरुपयोगी, पातळ रेनकोट हवा.

रिओ सेलेस्ते या नदीचा निळा रंग बघायला तेनोरिओ उद्यानात जाताना एक ध्यानात घ्या: पाण्यात तांबं किंवा गंधक विरघळलंय असं गावभर सांगतात, ते खरं नाही. दोन ओढे जिथे मिळतात तिथे आम्लतेमुळे अॅल्युमिनियम आणि सिलिकाचे सूक्ष्म कण मोठे होतात आणि निळा प्रकाश विखुरतात. जोराचा पाऊस झाला की हेच पाणी चहासारखं तपकिरी होतं. आदल्या रात्री तिकडे धो-धो पडला असेल तर बेत बदला. उद्यानात पोहायला बंदी आहे.

मानुएल आंतोनिओ मंगळवारी बंद. गेटच्या आधी बरंच अंतर गणवेशासारखे शर्ट घातलेले लोक गाडी थांबवून ‘पार्किंग इथेच’ म्हणतात. न थांबता पुढे जा. आत खाणं आणि एकदा वापरायचं प्लास्टिक नेऊ देत नाहीत, पिशव्या तपासतात, कारण माकडं आणि रॅकून थेट पिशवीत हात घालतात. गाइड घेण्याचे पैसे वसूल होतात. दुर्बिणीशिवाय झाडावरचा पेरेसोसो, म्हणजे स्लॉथ, तुम्हाला सुकलेल्या फांदीसारखा दिसेल आणि तुम्ही पुढे निघून जाल.

कासवांसाठी दोन जागा. तोर्तुगेरोत जुलै ते ऑक्टोबर हिरवी कासवं रात्री अंडी घालायला येतात. रस्ता नाही, ला पावोनाच्या धक्क्यावर गाडी लावून होडीने जायचं. किनाऱ्यावर रात्री परवानाधारक गाइडबरोबरच जाता येतं, गडद कपड्यांत, मोबाइल आणि कॅमेरा खोलीवर ठेवून. पॅसिफिक बाजूच्या ओस्तिओनालला ‘आरिबादा’ होते, ऑलिव्ह रिडले कासवं हजारोंनी एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. वेळास-आंजर्ल्याला ज्यांची पिल्लं समुद्रात सोडतात, तीच ही जात. आरिबादा बहुधा अमावास्येच्या आधीच्या दिवसांत, आणि पावसाळ्यात मोठी. पण तेव्हाच वाटेतले ओढे भरतात. उंच, चारही चाकांना जोर असलेली (फोर-व्हील ड्राइव्ह) गाडी नसेल तर स्थानिकांना विचारल्याशिवाय पाण्यात घालू नका.

खाण्याचं शाकाहाऱ्यांनी पाठ करावं असं एक वाक्य: ‘नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी हामोन.’ नुसतं ‘सिन कार्ने’ म्हणालात तर ताटात चिकन येईल, कारण ‘कार्ने’ म्हणजे त्यांच्या लेखी बीफ. ‘सोडा’ ही पाटी कोल्ड्रिंकची नव्हे, साध्या खाणावळीची. तिथलं ‘कासादो’ म्हणजे भात, घेवडा, कोशिंबीर, तळलेलं पिकलं केळं; आपली थाळीच. घेवड्यात डुकराची चरबी आहे का, हे ‘मांतेका दे सेर्दो?’ असं विचारून घ्या. कॅरिबियन किनाऱ्यावर भात-घेवडा नारळाच्या दुधात शिजवतात, कोकणी माणसाची तिथे जीभ रमते. शहाळ्याला ‘पिपा’ म्हणतात. कावितात गावाकडच्या दरवाज्याने उद्यानात ऐच्छिक देणगी देऊन जाता येतं.

भाड्याच्या गाडीचा ऑनलाइन दर बघून खूश होऊ नका. सक्तीचा तृतीयपक्ष विमा त्यात धरलेला नसतो आणि तुमचं क्रेडिट कार्ड तो भरून देत नाही; काउंटरवर बिल दुप्पट झालेलं अनेकांनी पाहिलंय. सगळे कर धरून लेखी आकडा आधीच मागा. पत्ते खुणांचे असतात: ‘चर्चपासून २०० मीटर उत्तरेला’, म्हणजे मोजून दोनशे मीटर नव्हे, दोन चौक. आपल्याला हे सोपं जातं. कॅरिबियन किनाऱ्याकडे जाणारा ३२ क्रमांकाचा रस्ता दरडींमुळे बंद होतो, निघण्यापूर्वी वेझ या नकाशाच्या ॲपवर पाहा. आठवड्याच्या दिवशी सान होसेच्या आत नंबरप्लेटच्या शेवटच्या आकड्यानुसार बंदी असते: सोमवारी १ व २, मंगळवारी ३ व ४, बुधवारी ५ व ६, गुरुवारी ७ व ८, शुक्रवारी ९ व ०.

पाण्याबद्दल मात्र हयगय नको. बऱ्याच किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतात. ओढ लागली तर किनाऱ्याकडे हात मारत दमू नका. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर या, मग तिरके परता. नदीत ‘काबेसा दे आग्वा’ येते: तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि वर डोंगरात झालेल्या पावसाचा लोंढा मिनिटांत पोचतो. पाणी अचानक गढूळ झालं, पानं-काटक्या वाहू लागल्या, वरून घरघर ऐकू आली, की चपला-पिशव्या तिथेच टाकून काठावर चढा. पायवाट सोडू नका, ‘तेर्सिओपेलो’ हा विषारी साप पाचोळ्यात दिसतच नाही. चावलाच तर दोरी बांधू नका, चिरू नका. ९११ ला फोन करा आणि थेट हॉस्पिटल गाठा. इथली प्रतिविषं क्लोदोमिरो पिकादो संस्थेत, देशातच तयार होतात.